झुल्माचं पहिलं ‘नाही’

झुल्माला कुणी काही देऊ केलं की तिच्या तोंडून आधी ‘नाही’ बाहेर पडायचं आणि मग तिला कळायचं की आपल्याला काय देऊ केलं होतं. हे काही तिचं एकटीचं खूळ नव्हे. हॉलंडच्या सीमेलगतच्या आमच्या स्वानेकेर्के गावात आम्ही सगळेच तसे. पाहुण्यानं पहिल्यांदा “नको, आत्ताच जेवून आलोय” म्हणायचं, मग “कशाला उगाच त्रास” म्हणायचं, आणि शेवटी “तुमचा एवढा आग्रहच आहे तर इतकंसं” म्हणत ताट पुढं करायचं. पहिल्या फटक्यात हो म्हणणारा आमच्यात हावरट ठरतो आणि पहिल्या ‘नाही’वर थांबणारा यजमान चिक्कू. पण झुल्मा या खेळात आम्हा सगळ्यांच्या वरताण होती. तिच्या नवऱ्यानं, ओमेरनं, मागणी घातली तेव्हाही ती नाही म्हणाली होती. बिचारा एका जत्रेपासून दुसऱ्या जत्रेपर्यंत तिच्या मागं मागं फिरला. तो हे सांगायला लागला की ती म्हणायची, “मग? लगेच हो म्हटलं असतं तर माझी किंमत कळली असती का तुला?”

मी आलिदा, तिची शेजारीण. आमच्या दोघींच्या परसांना एकच कुंपण, आणि त्याला पडलेलं भगदाड आम्ही कधी बुजवलं नाही. फाटकातून जायचं तर बरे कपडे घालावे लागतात, भगदाडातून ॲप्रनवर जाता येतं. ओमेर वारला तेव्हा झुल्मा पन्नाशीला टेकली होती. चार महिने रडून झाल्यावर तिनं चर्चसमोरच्या चौकात फ्राइजची टपरी टाकली. बटाटे स्वतः सोलायची, बैलाच्या चरबीत आधी मंद आचेवर तळायची, निवू द्यायची, आणि मग कडकडीत चरबीत पुन्हा. झारा चालायचा तशीच जीभही चालायची. मेयरला ती सगळ्यांदेखत म्हणाली होती, “तुला लहान पुडाच देते बाबा. तू आणखी सुटलास तर गावाला रस्ता रुंद करावा लागेल, आणि त्याला तूच पैसे नाहीत म्हणतोस.” लोक निम्मे फ्राइजसाठी यायचे, निम्मे शिव्या खायला.

रविवारी सीमेपलीकडून हॉलंडवाले सायकली हाणत यायचे. आम्ही ज्याला ‘फ्रीत’ म्हणतो त्याला ते ‘पतात’ म्हणतात. कुणी ‘पतात’ मागितली की झुल्मा सभ्यपणे सांगायची, ती तुमच्याकडे मिळते, इथं फक्त फ्रीत आहेत, पण आता एवढं दमून आलाच आहात तर तेच खा. भाषा म्हणे आमची आणि त्यांची एकच. शब्दकोश एक, शाळेतलं व्याकरण एक. पण ते बोलायला लागले की वाटतं, कुणीतरी आपल्याला चूक समजावून सांगतंय. आणि आम्ही तोंड उघडलं की ते मान कलती करून म्हणतात, “किती गोड बोलता हो तुम्ही!” शिवी दिलेली परवडली.

आणि हॉलंडच कशाला? आमचेच लोक काय कमी आहेत? एका वर्षी वादळानं गावातली छपरं उडाली, तेव्हा ब्रसेल्सहून टीव्हीवाले आले होते. टपरीचं छप्पर चर्चच्या दारात जाऊन पडलं होतं, म्हणून त्यांनी झुल्मालाच गाठलं. तिनं केस नीट केले आणि ठेवणीतली, शाळेत मास्तरीणबाईंनी शिकवलेली शुद्ध भाषा काढली. संध्याकाळी सगळी आळी माझ्या टीव्हीसमोर जमली. झुल्माचा चेहरा पडद्यावर आला, आणि चेहऱ्याखाली अक्षरं धावायला लागली. भाषांतर! आपल्याच देशात, आपल्याच वाहिनीवर, अँटवर्पच्या लोकांना कळावं म्हणून. आम्ही पोट धरधरून हसलो. ती हसली नाही.

“मी काय जपानी बोलत होते?” एवढंच म्हणाली आणि भगदाडातून घरी गेली.

तेव्हापासून तिला दोन जिभा झाल्या. गावासाठी एक, आणि परक्यांसाठी दुसरी, इस्त्री केलेली, खळ घातलेली. त्या दुसऱ्या जिभेनं फक्त हवापाणी आणि तब्येत एवढंच बोलता यायचं. विनोद तर नाहीच.

तिचा एकुलता एक मुलगा बाव्हो. बंदरातला गाळ उपसणाऱ्या जहाजावर तो कामाला लागला, म्हणजे सहा-सहा आठवडे जगाच्या दुसऱ्या टोकाला. उत्तरेकडच्या कुठल्याशा बंदरात त्याला यिल्डाऊ भेटली. सहा फूट उंच, पिवळे केस, पोहायला शिकवायचं काम. त्यामुळे तिचं सगळंच बोलणं तलावाच्या त्या टोकाला ऐकू जाईल अशा आवाजात. हॉलंडवाली सून! झुल्मानं ते ऐकून टपरी एक दिवस बंद ठेवली. मग लग्नात सगळ्यांत जास्त तीच नाचली.

यिल्डाऊ पहिल्यांदा जेवायला आली त्या दिवशी मी मुद्दाम अंडी मागायला गेले होते. झुल्मानं बिअरमध्ये शिजवलेलं मांस केलं होतं, पातेलंभर.

“तुम्हांस आणखी थोडे वाढू का?” झुल्मानं खळ घातलेल्या जिभेनं विचारलं.

“हो, वाढ ना! मस्त झालंय गं!” यिल्डाऊनं ताट पुढं केलं.

सून सासूला ‘तू’ म्हणतेय आणि सासू सुनेला ‘तुम्ही’. पलीकडे तशीच पद्धत, त्यात तिचा काही दोष नाही. पण माझ्या हातातलं अंडं पडता पडता राहिलं.

संध्याकाळी झुल्मा भगदाडातून आली. “एकदा विचारलं गं आलिदा, एकदाच! अन् तिनं ताटच पुढं केलं.”

“हावरट आहे.”

“हावरट तर आहेच.” मग जरा थांबून म्हणाली, “पण ओमेर गेल्यापासून माझं पातेलं असं रिकामं झालं नव्हतं.”

पोरांनी आर्डेनबर्गला घर घेतलं. सीमा ओलांडली की लगेच. झुल्माच्या जुन्या मोटारीनं अर्धा तास. ती पहिल्यांदा तिकडे गेली तेव्हा बाव्हो जहाजावर होता. यिल्डाऊनं कॉफी दिली, बिस्किटांचा डबा उघडला, प्रत्येकीला एक बिस्किट दिलं आणि झाकण लावलं. “आणखी कॉफी?” तिनं विचारलं. झुल्मा म्हणाली, “छे छे, पुरे.” “बरं,” असं म्हणून यिल्डाऊनं किटली उचलून विसळून टाकली. त्या संध्याकाळी झुल्मानं माझ्याकडे ब्रेडबरोबर अंडी खाल्ली, आणि खाताना हॉलंडच्या सात पिढ्या उद्धारल्या. अर्थात माझ्या पहिल्या दोन आग्रहांना नको म्हणून झाल्यावर.

मग नात झाली. नाव वीप्के, यिल्डाऊच्या वारलेल्या आईचं. “हे नाव आहे की पाखराचं ओरडणं?” झुल्मा मला म्हणाली. आठवडाभरात टपरीवर येणाऱ्या प्रत्येकाला ते नाव नीट म्हणायला शिकवत होती. चुकलं की मेयोनेज कमी.

पोर चालायला लागली आणि यिल्डाऊची तलावावर परत रुजू व्हायची वेळ आली. एका रविवारी ती झुल्माच्या स्वयंपाकघरात आली. मी तिथंच बटाटे सोलत होते.

“झुल्मा,” यिल्डाऊ सरळ म्हणाली, “दर बुधवारी वीप्केला सांभाळशील का? मला फार सोयीचं होईल.”

बुधवार म्हणजे टपरीची सुट्टी. मी झुल्माकडे पाहिलं. हातातली सुरी थांबली होती, कान लालबुंद झाले होते, आणि डोळ्यांत असा आनंद की मलाच हसू फुटत होतं. आणि तोंड? तोंडानं आपलं काम केलं.

“नाही, नाही. मजसारख्या वृद्धेस ते कसे जमावे? आपणांस कोणी अधिक योग्य व्यक्ती मिळेल.”

“बरं,” यिल्डाऊ म्हणाली. “स्पष्ट सांगितलंस ते चांगलं केलंस. मग बघते मी दुसरं कुणीतरी.” झुल्माच्या गालांचे मुके घेतले, पोरीला उचललं आणि गेली.

मोटार वळेपर्यंत मी कशीबशी दम धरून बसले. मग म्हटलं, “अगं भवाने, काय केलंस हे?”

“काय म्हणजे? आता ती परत विचारेल ना.”

“ती हॉलंडवाली आहे! ती परत विचारत नाही!”

“विचारेल. घरी पोचली की फोन करेल.”

फोन आला नाही. पुढच्या आठवड्यात कळलं, आर्डेनबर्गलाच एक बाई मिळाली. “तिच्याकडे कुत्रा आहे,” झुल्मा म्हणाली. “हा एवढा. लाळ गाळणारा.” कुत्रा तिनं पाहिलेला नव्हता.

तेव्हापासून टपरीवरची मजाच गेली. झुल्मा कुणाला टोमणा मारीना. लोक बिचारे आशेनं समोर उभे राहायचे आणि नुसते फ्राइज घेऊन परत जायचे. एका बुधवारी मी भगदाडातून गेले, तर ती पडवीत बसली होती. समोर एक उंच पायांची लहान मुलांची खुर्ची होती, बाव्होची, माळ्यावरची. तिनं ती घासून पिवळा रंग दिला होता. मला बघताच तिच्यावर चादर टाकली, पण रंग ओला होता, चादर चिकटली.

मला तिचा असा राग आला की सांगता सोय नाही. आणि कीवही आली. “उचल तो फोन,” मी म्हटलं.

“एकदा नाही म्हटलेलं आता मीच मागायला जाऊ? भिकारीण आहे का मी?”

“मग मी करते.”

“खबरदार! तू तिला एक शब्द जरी बोललीस तर ते भगदाड बुजवून टाकीन.”

भगदाडाची धमकी तिनं आजवर कधी दिली नव्हती. मी गप्प बसले. माझ्यासारखीला गप्प बसणं किती जड जातं ते आमच्या आळीला विचारा.

ऑगस्टात गावची जत्रा भरली. बाव्हो जहाजावरच होता, पण यिल्डाऊ वीप्केला घेऊन आली आणि बरोबर तिचा बापही होता. शूर्ड त्याचं नाव. जन्मभर गाई पाळलेला म्हातारा, उंच, काटकुळा, हात फावड्यासारखे. लग्नात तो दोन वाक्यं बोलला होता, तीही पाठ केल्यासारखी. टपरीसमोर रांग होती, पाळण्यांचा गोंगाट चालला होता आणि मी नेहमीप्रमाणे बाजूच्या बाकावर बसून सगळं ऐकत होते.

वीप्के पाळण्याकडे बोट दाखवायला लागली तसं शूर्ड यिल्डाऊला काहीतरी म्हणाला. ती हसली आणि तिनंही काहीतरी उत्तर दिलं. झुल्माचा झारा थांबला. ती हॉलंडची भाषा नव्हती. आमचीही नव्हती. आणि म्हातारा चक्क विनोद करत होता, कारण यिल्डाऊ डोळे पुसत हसत होती.

“आपण कोणती भाषा बोलत आहात?” झुल्मानं विचारलं.

यिल्डाऊचा आवाज मी पहिल्यांदाच खाली आलेला ऐकला. “आमची घरची बोली. फ्रिजियन. देश तोच, पण आमचा प्रांत वेगळा, भाषाही वेगळी. बाबाला हॉलंडची भाषा येते, पण तिच्यात त्याला हसवता येत नाही. नुसता ताठ होऊन बसतो.”

“म्हणजे तुम्ही हॉलंडवाल्या नाही?”

“बाबासमोर असं म्हणू नकोस हं. आम्हाला हॉलंडवाले म्हटलं की तो उठून चालायला लागतो.”

“मग आजवर बोलल्या का नाहीत?”

“तू कधी बोललीस माझ्याशी तुझ्या बोलीत?” यिल्डाऊ म्हणाली. “रांगेतल्या सगळ्यांशी हसतेस, शिव्या देतेस. अन् मी आले की सरकारी पत्र वाचल्यासारखं बोलतेस. मला वाटायचं, मी तुला आवडत नाही.”

झुल्मानं कपाळावरचा घाम पुसला आणि आमच्या, निव्वळ आमच्या बोलीत म्हणाली, “अगं येडे, आवडत नाहीस म्हणून का पातेलं खरवडून वाढलं तुला? बस तिथं. अन् तुझ्या बापाला बसव. काय वाळलाय माणूस! गाईनंच दूध पिऊन टाकलं की काय ह्याचं?”

यिल्डाऊला निम्मं कळलं असेल. पण तिनं ते बापाला सांगितलं आणि म्हातारा खदाखदा हसला. खाली अक्षरं लावायची गरज पडली नाही.

आता झुल्मा सुटलीच. तिनं शूर्डला मोठा पुडा दिला. त्यानं तो संपवला.

“आणखी?”

“नको,” शूर्ड म्हणाला.

झुल्मानं पुडा पुन्हा भरला. म्हाताऱ्यानं त्या ढिगाकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं. वाढलेलं टाकायचं नाही, हे त्याच्या आईनं शिकवलेलं असणार. खाल्लं.

“आणखी?”

“नको!” आता आवाज जरा मोठा.

भिडस्त माणूस आहे, असं झुल्माला वाटलं असावं. तिनं आधीपेक्षाही जास्त घातले, वर मेयोनेज. शूर्डनं पट्टा एक भोक सैल केला आणि पुन्हा खायला लागला, पण आता चेहरा टोमॅटोसारखा झाला होता. झुल्मा चौथ्यांदा झारा उचलणार तोच यिल्डाऊ तलावाच्या आवाजात ओरडली, “झुल्मा! बाबा नको म्हणतोय ना!”

पाळण्यावरची माणसंही वळून बघायला लागली.

“अगं, पहिल्यांदा सगळेच नको म्हणतात!” झुल्माही ओरडली. “त्यात काय ऐकायचं? एकदा विचारलेलं म्हणजे एकदा तळलेलं. कच्चं असतं ते! पहिल्या ‘नको’वर थांबायचं म्हणजे काय, माणसाला उपाशी मारायचं?”

आणि मग आपण काय बोललो ते तिचं तिलाच ऐकू आलं. झारा तसाच वर धरलेला. यिल्डाऊ फळीजवळ आली.

“झुल्मा,” ती हळूच म्हणाली, “बुधवारचं मी तुला एकदाच विचारलं होतं.”

झुल्मा कढईत बघायला लागली. मग माझ्याच्यानं राहवेना.

“तिनं बाव्होची खुर्ची रंगवून ठेवलीय!” मी बाकावरून ओरडले. “पिवळी!”

“आलिदा!”

“बुजव जा भगदाड!”

यिल्डाऊचे डोळे भरून आले. तिनं पोरीला बापाच्या हातात दिलं आणि दोन्ही हात टपरीच्या फळीवर ठेवले. “झुल्मा, बुधवारी वीप्केला सांभाळशील?”

रांगेतली माणसं पुढं सरकली.

“नाही गं, मला कुठं जमतंय आता,” झुल्मा म्हणाली. सवयच ती, काय करणार? रांगेतून एक मोठा उसासा आला.

पण यिल्डाऊ हसली. “सांभाळशील?”

“त्या बाईला वाईट वाटेल. त्या कुत्र्यालाही.”

“कुठला कुत्रा? तिच्याकडे मांजर आहे. सांभाळशील का?”

“हो म्हण गं बाई!” मागून बेकरीवाला ओरडला. “माझे फ्राइज जळतायत!”

“हो,” झुल्मा म्हणाली. “हो, हो, हो! बुधवारी. अन् शनिवारी हवं असेल तर शनिवारीही.” आणि ॲप्रननं तोंड पुसत, चरबीचा धूर डोळ्यात जातो म्हणून सगळ्यांना शिव्या द्यायला लागली. बेकरीवाल्याला तिनं जळकेच फ्राइज दिले. त्यानं ते आनंदानं खाल्ले. मी मात्र रुमाल आणला नव्हता, म्हणून बाही वापरली.

आता वीप्के सहा वर्षांची आहे. शूर्डचा फोन आला की ती त्याच्या बोलीत बोलते, शाळेत शाळेची भाषा बोलते, आणि बुधवारी टपरीच्या फळीवर बसून आमच्या बोलीत मेयरला चिडवते. झुल्मा म्हणते, हिच्याखाली कुणी अक्षरं लावायला आलं तर त्याला तीन ओळी लावाव्या लागतील.

गेल्या महिन्यात मी झुल्माबरोबर आर्डेनबर्गला गेले होते. यिल्डाऊनं कॉफी दिली, डबा उघडला, प्रत्येकाला एक बिस्किट दिलं. सवयीनं झाकण हातात घेतलं.

“वीप्के, आणखी एक?”

“नको, आत्ताच खाल्लंय,” पोर म्हणाली. हुबेहूब झुल्माचा सूर. डोळे मात्र डब्यात.

झाकण हवेतच राहिलं. “घे गं,” यिल्डाऊ म्हणाली.

“कशाला उगाच त्रास.”

“घे म्हणते ना.”

मग घेतलं. तेही दोन. यिल्डाऊनं डबा तसाच उघडा झुल्मापुढं धरला. “आणि तू?”

मी कॉफीचा कप खाली ठेवला. झुल्मानं नातीकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं, आणि पहिल्याच फटक्यात म्हणाली, “हो.”

“हावरट!” मी म्हटलं.

“असू दे,” बिस्किट निवडत ती म्हणाली. “तू खुशाल नको म्हण. ह्या घरात मी एकदा नाही म्हणून बघितलंय.”